तालमीतली माती आणि एक स्वमग्न मुलगा : प्रकरण अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव देत नाही. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि मुलाच्या आईवडिलांनी मजकूर वाचून होकार दिल्यावरच तो इथे मांडते आहे. मी गट साधन केंद्राकडून, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राकडून, गृहभेटी देणारी विशेष शिक्षिका. मुलगा आठ वर्षांचा असताना आमची गाठ पडली, आता त्याला अकरावं संपत आलं आहे.

पहिल्याच भेटीत आईने विचारलं होतं, "बाई, ह्याला कुठं न्यायचं तेवढं सांगा." तिला दवाखान्याचा पत्ता नको होता. दवाखाने तिने पालथे घातले होते. शाळेच्या पटावर मुलाचं नाव होतं. नव्हतं ते एवढंच, की संध्याकाळी पाच ते सात या वेळात गल्लीतली बाकी पोरं जशी कुठेतरी जातात, तसं याला जायला ठिकाण. दिव्यांग मुलांच्या घरी गेल्यावर हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि आपल्या व्यवस्थेत त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी कुणाचीच नाही.

मागची हकीकत थोडक्यात. साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाकेला वळून बघत नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या पथकाने नोंद केली आणि जिल्ह्याला पाठवलं. पुढे स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात. १०७ ते १५३ गुण आले तर मध्यम स्वमग्नता धरतात, हा त्या गटात बसला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, स्वावलंबन पोर्टलवरून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघालं. शब्द मोजकेच, पण एसटी स्टँडवरच्या घोषणा मात्र जशाच्या तशा म्हणतो. झटक्यांचा त्रास नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, आणि अंगमेहनतीचं किंवा पाण्यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे विचारून घेतलंच पाहिजे.

कोल्हापूर शहरात दिव्यांगांसाठीच्या कामाची परंपरा मोठी आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था शारीरिक दिव्यांगांसाठी काम करते, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी चेतना विकास मंदिर आहे. पण हे गाव शहरापासून लांब. एसटीच्या गर्दीत हा मुलगा पहिल्या अर्ध्या तासातच घामाघूम होऊन स्वतःच्या हाताला चावायला लागायचा. वडील साखर कारखान्यात पाळीवर. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू झाला की त्यांच्या रजा संपल्याच म्हणायच्या. त्यामुळे पावसाळ्यात शहरात नियमाने चाललेली थेरपी दरवर्षी थंडीत तुटायची आणि मार्चअखेर पुन्हा मुळापासून सुरू व्हायची. शहरातल्या तज्ज्ञांना हा हंगाम दिसत नाही. त्यांच्या फाईलवर "पालक अनियमित" एवढीच नोंद होते, आणि ती वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

गावात काय करून झालं होतं? एका खासगी शाळेने "आमच्याकडे असा स्टाफ नाही" म्हणून प्रवेश दिला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आईला कायद्याचं भांडण भांडायची ताकद उरली नव्हती. तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घातलं, आणि तिथल्या गुरुजींनी त्याला चांगलं सांभाळलं. नंतर एका उन्हाळी शिबिराचा प्रयत्न झाला. तिथे त्याला कोपऱ्यात रंगखडू देऊन बसवलं. आठवड्याच्या आत आईने नेणं बंद केलं. मुलाला फक्त आत बसू दिलं म्हणजे त्याला सामावून घेतलं असं होत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग त्या वर्षीचा गणपती. मिरवणुकीत डॉल्बी सुरू झाला तसा हा आजोबांचा हात सोडून पळाला. दीड तासाने गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर सापडला, पाय पाण्यात सोडून बसलेला. स्वमग्न मुलं अशी एकटी निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात, हे जगभर नोंदवलं गेलं आहे. त्यांच्या अपघाती मृत्यूंत बुडून जाणारी मुलं फार असतात. त्या दिवसानंतर घराला आतून कडी लागली ती लागलीच. आई हळदीकुंकवाला जाईना, नातलगांच्या लग्नाला जाईना. माझी भेट झाली ती या सुमाराला.

ठिकाण शोधण्याआधी

अशा वेळी पालक आणि शिक्षक दोघंही उपक्रमांची यादी काढतात : पोहणं, चित्रकला, तबला, योगासनं. मी यादी काढू दिली नाही. आईला एक वही दिली. मुलगा शांत कधी असतो, बिथरतो कधी, आणि त्या वेळी जवळ कोण असतं, एवढंच रोज लिहायचं. पाचवी शिकलेल्या बाईने ती वही इतकी चोख भरली की पुढचं सगळं त्या वहीवर उभं राहिलं.

वहीत दिसलं ते असं. गिरणीत दळण न्यायचं असलं की पिठाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून चालतो आणि तेव्हा अजिबात पळत नाही. गाद्यांच्या चळतीखाली शिरून पडून राहतो. आबा, म्हणजे आजोबा, पाय दाबून देतात तेव्हा डोळे मिटून घेतो. शेताच्या बांधावर बसवलं तर तासभर हाताने माती उकरतो. बिथरण्याच्या नोंदींतही एक सूत्र होतं : अचानक आलेला आवाज, मागून झालेला स्पर्श, आणि पुढे काय होणार ते कळत नाही अशी वेळ.

कोल्हापूरच्या व्यवसायोपचार तज्ज्ञांना (ऑक्युपेशनल थेरपिस्टना) मी वही दाखवली. या मुलाच्या स्नायूंना आणि सांध्यांना खोल दाब आणि जोराचं काम हवं आहे, उचलणं, ओढणं, खणणं यातून त्याचं शरीर निवतं, असं त्यांनी सांगितलं. इथे सावधपणे लिहायला हवं. अशा उपचारांनी स्वमग्नता कमी होते असा दावा कुणी केला तर त्याच्यामागे एकमुखी शास्त्रीय पुरावा नाही. आमचा दावा लहान होता. या एका मुलाला या गोष्टींनी बरं वाटतं, आणि बरं वाटत असताना तो माणसांच्या जवळ थांबतो. आम्हाला तेवढंच हवं होतं.

वाट दाखवली ती आबांनी. तरुणपणी ते लाल मातीत खेळलेले. वहीतलं वाचून दाखवलं तसं म्हणाले, "ही सगळी तालमीतली कामं हायत की."

तालमीबद्दल बाहेरच्या वाचकाला थोडं सांगते. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान बांधलं गेलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण या जिल्ह्यात तालीम ही कुस्तीपुरती नाही. गल्लीचा गणपती तालमीचा, शहरात फुटबॉलचे संघ तालमींचे, कुणाकडे मयत झालं तर धावणारी पोरं तालमीची. मुलगा तालमीत जातो याचा अर्थ तो गल्लीचा झाला. दिव्यांग मुलांसाठी वेगळा वर्ग काढला असता तर हे कधीच मिळालं नसतं. वेगळ्या वर्गांची गरज असते, मी त्यांच्या विरोधात नाही. पण छोट्या गावात चार मुलांचा वेगळा वर्ग देणगी आटली की बंद पडतो. तालीम पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे.

तालमीची तयारी

वस्तादांना भेटायला मी आणि आबा दोघे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता.

"बाई, पोरगं मारकं हाय का?"

"मारका नाही. कुणी मागून धरलं तर भितो, आणि भ्याला की हात उगारतो."

"मग मागनं कोण धरणार न्हाई. आनि काय?"

या "आणि काय?"ने मला धीर आला. मी खूप ठिकाणी खूप तऱ्हेची उत्तरं ऐकली आहेत. बहुतेक ठिकाणी सहानुभूतीची वाक्यं येतात आणि दार तेवढंच बंद राहतं. वस्तादांनी हळहळ व्यक्त केली नाही. काय करायचं ते विचारलं.

माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे होता. आपण मुलाला समाजासाठी तयार करत बसतो. बोलायला लागू दे, बसायला लागू दे, मग नेऊ. ती वेळ कित्येक मुलांच्या बाबतीत येतच नाही आणि वय निघून जातं. इथे तयारी तालमीची केली. रोज येणाऱ्या पोरांना बसवून बोलले. स्वमग्नता म्हणजे काय यावर भाषण दिलं नाही, त्याचा त्यांना उपयोग नव्हता. समोरून यायचं. लहान वाक्य बोलायचं, "खोरं घे", "माती ओढ", आणि मग तोंड बंद ठेवून थांबायचं. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं नाही. कानावर हात ठेवले तर हसायचं नाही, बाहेरच्या कट्ट्यावर न्यायचं. एका पोराने विचारलं, "शड्डू ठोकला तर?" प्रश्न अगदी बरोबर होता. मांडीवर पडणारी ती थाप त्याला सहन झाली नसती. म्हणून पहिले काही महिने हा आत असेपर्यंत शड्डू बंद राहिले, आणि पुढे ठोकणाऱ्याने आधी हात वर करून दाखवायचा असं ठरलं. तो हात दिसला की हा आपले कान झाकतो, आवाज जाऊ देतो, आणि पुन्हा कामाला लागतो.

एक गोष्ट मात्र मी आधी तपासून घेतली, आणि अशी वाट धरणाऱ्या प्रत्येकाने ती तपासावी. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीत तेल, ताक, हळद, लिंबू यांबरोबर कापूर घालतात. या मुलाला माती तोंडात घालायची सवय होती. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. वस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. मागच्या अंगाला नुसत्या चाळलेल्या तांबड्या मातीचा ढीग केला आणि त्याचं काम तिथे नेमलं. धनुर्वाताची लस दिली आहे ना, हेही पाहून घेतलं. माती तोंडात जाणं बंद झालंय अशी आईची, गुरुजींची आणि माझी खात्री पटेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, तो मुख्य हौद्यात उतरला नाही.

मुलासाठी पाच चित्रांची पट्टी केली : चपला काढायच्या, मारुतीच्या पाया पडायचं, खोऱ्याने माती ओढायची, हातपाय धुवायचे, घरी जायचं. सुरुवात दुपारी, तालीम रिकामी असताना, आबांबरोबर. पहिल्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत गेलाच नाही, दगडी कट्ट्यावर गाल टेकून बसला. कुणी ओढलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या आठवड्याच्या शेवटी ढिगाशी गेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत घातले. नंतर एक पोरगा ठराविक वेळी यायला लागला, मग दोघे, मग वेळ सरकवत संध्याकाळच्या मेहनतीच्या वेळेपर्यंत आणली. या सरकण्याला सहा-सात महिने गेले. मधे पंधरा दिवस तो आजारी पडला आणि परत आल्यावर उंबऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. असं होतं. आई त्या वेळी खचली होती, पण वस्तादांनी तो कट्ट्यावर बसलेला दिवसही हजेरीत धरला.

काय बदललं, काय नाही

तो कुस्ती खेळत नाही. दुखलं तर सांगता येत नाही, समोरच्याला थांबवता येत नाही, म्हणून लढत लावायची नाही हे सुरुवातीलाच ठरलं आणि अजून तसंच आहे. तो माती उकरतो, घमेली उचलतो, पोरांबरोबर बैठका काढतो आणि मोजतो. एक ते शंभर आकडे त्याला पूर्वीही येत होते. ते कुणाला तरी उपयोगी पडतात हे नवीन होतं. पोरं त्याच्या मोजणीवर बैठका काढतात. मध्ये कुणी कंटाळून थांबलं तर हा आकडा धरून ठेवतो आणि त्याच्याकडे बघत राहतो. या वयाच्या मुलाने समवयस्काकडे अपेक्षेने बघणं ही माझ्या नोंदवहीतली सगळ्यात मोठी नोंद आहे.

घरी हाताला चावणं कमी झालं, झोप सुधारली. याचं श्रेय तालमीला किती आणि वाढत्या वयाला किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. बोलणं फारसं वाढलं नाही. "खोरं" आणि "वस्ताद" हे दोन शब्द मात्र स्वतःहून आले.

पळून जाण्याचं काय झालं, हे पालक पहिल्यांदा विचारतात. तो अजूनही निघून जातो, पण आता गल्ली त्याला ओळखते. तालमीच्या पोरांनी रिक्षा स्टँड, पिठाची गिरणी, तलावाकडच्या रस्त्यावरची पानटपरी आणि दूध डेअरी अशा चार ठिकाणी सांगून ठेवलं : हा एकटा दिसला तर हात धरून ओढू नका, समोर उभं राहून "तालमीत चल" म्हणा, आणि फोन करा. गळ्यातल्या ताईतात वडिलांचा नंबर आहे. मागच्या पावसाळ्यात पानटपरीवाल्याने त्याला असंच वळवलं. आईने त्यानंतर आतली कडी काढली.

एक प्रसंग लिहिलाच पाहिजे. तालमीच्या वर्धापनदिनी गावातल्या एका पुढाऱ्याला याचा स्टेजवर सत्कार करायचा होता, फेटा, हार, फोटो. हेतू वाईट नव्हता. पण मुलाने काय मिळवलं म्हणून सत्कार? तो रोज येतो म्हणून? मग रोज येणाऱ्या सगळ्यांचा करा. आईने स्वतः नको म्हणून सांगितलं, आणि वस्ताद तिच्या बाजूने उभे राहिले. त्या दिवशी तो प्रसादाची पातेली उचलायला होता, बाकीच्या पोरांसारखा. मला याचं समाधान कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त आहे.

आयांचा गट

तालमीने मुलाचा प्रश्न हलला, आईचा नाही. तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतंच. माझ्याकडे येणाऱ्या इतर आयाही अशाच एकेकट्या. त्यांना महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी एकत्र बसवायला सुरुवात केली, कारण त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरच्या बायका गावात येतातच, वेगळं भाडं पडत नाही. बचत गटाची बैठक कशी चालते हे सगळ्यांना ठाऊक होतं, तीच पद्धत घेतली : हजेरी, मागच्या वेळी ठरलेलं झालं का, आणि मग मन मोकळं करणं. शहरांत पालकांचे गट आहेत. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम आहे, दिल्लीत १९९१ पासून ॲक्शन फॉर ऑटिझम. इथे सहा बायका आणि एका घराची ओसरी आहे.

पण काम होतं. निरामय या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात, हे तोवर एकीलाच माहीत होतं. आता सगळ्यांची नावं त्यात आहेत, आणि दरवर्षी नूतनीकरणाची तारीख कुणी विसरू नये म्हणून त्यांच्यातल्या एकीवर ती जबाबदारी दिली आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, हेही इथेच समजलं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्या निधीतून तलावाकडच्या बाजूला कुंपण आणि बागेला बंद होणारं फाटक द्या, असा अर्ज गटाने केला. वाटप झालं की साहित्य मिळतं, खुर्च्या मिळतात. कुंपण मागणाऱ्या या पहिल्याच. ठराव झाला आहे, काम अजून झालेलं नाही, आणि दर बाजाराच्या दिवशी दोघीजणी कचेरीत जाऊन विचारून येतात.

याच गटातून दुसऱ्या मुलांचीही ठिकाणं निघाली, तीच वहीची पद्धत वापरून. डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी भजनी मंडळात टाळ धरते. तिथल्या बायकांनी तिला शेजारी बसवून घेतलं, तयारीही फारशी करावी लागली नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाला मात्र अजून जागा मिळालेली नाही. त्याला क्रिकेटचं वेड आहे, गुणलेखन करू शकेल इतका हुशार आहे, पण मैदानापर्यंत व्हीलचेअर जाईल असा रस्ता नाही, आणि क्रिकेटवाली पोरं मोठी आहेत, त्यांचा गट दर वर्षी बदलतो. वस्तादांसारखं एक कायमचं माणूस जिथे नसतं तिथे ही पद्धत अडते. मुलींसाठी तालीम हा प्रश्नही उघडा आहे. या गावात मुली अजून आखाड्यात उतरत नाहीत.

आणि वस्तादांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. सगळी गाडी त्यांच्यावर ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून गेल्या वर्षीपासून त्यांच्या पुतण्याला आणि रोज येणाऱ्या दोन मोठ्या पोरांना मुलाची वही वाचायला दिली आहे. दोन वर्षांत मुलगा वयात येईल, अंगाने वाढेल. लंगोटावरची पोरं, उघडी अंगं, स्पर्श यांबद्दल त्याला समजेल अशा चित्रांत शिकवायला हवं, आणि कुणी त्याचा गैरफायदा घेऊ नये म्हणून तालमीत तो कधी एकट्या माणसाबरोबर राहणार नाही हा नियम पाळायला हवा. हा विषय आईशी आणि वस्तादांशी बोलून झाला आहे. वडिलांशी हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये बोलायचं ठरलं आहे, आणि चित्रं काढायला मी सुरुवात केली आहे.